सहाव्या गिअरवरचा राग: मॅन्युअल एमएक्स-५ नऊ महिन्यांनंतर

वापरलेली २०१९ ची माझदा एमएक्स-५ मियाटा ही दोन आसनी छोटी स्पोर्ट्स कार, तिच्या क्लब या प्रकारातली, हाताने गिअर बदलायची मॅन्युअल, मी गेल्या जूनमध्ये घेतली आणि पहिले चार महिने तिच्या एकाच गोष्टीवर धुसफुसत राहिलो. सहाव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांनी जाताना इंजिन मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेत असते, आणि उजवा हात नकळत नसलेला सातवा गिअर शोधू लागतो. लॉस एंजेलिसच्या ४०५ महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्या आणि पेट्रोलचा प्रत्येक गॅलन वहीत टिपणाऱ्या माझ्यासारख्याला ही शुद्ध उधळपट्टी वाटत होती.

आमच्या भागात रविवारी सकाळी गाडीवेडे लोक एका वाहनतळावर कॉफीच्या निमित्ताने जमतात. तिथे ऑटोमॅटिकची बाजू घेणे म्हणजे एकादशीच्या फराळात कांदाभजी मागणे. तरीही गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे ऑटोमॅटिक एमएक्स-५ घेतलेले एक वयस्कर गृहस्थ तिथे येतात, आणि त्यांनी मोठ्या मनाने तासाभरासाठी किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याच वेगाला त्यांच्या गाडीचा काटा २००० च्या आसपास निवांत होता. आपण चुकीची गाडी घेतली, अशी खात्री करूनच मी घरी परतलो.

मग आकडे काढून बसलो. महामार्गासाठी अमेरिकी सरकारचे अधिकृत मायलेज मॅन्युअलला गॅलनमागे ३४ आणि ऑटोमॅटिकला ३५ मैल आहे. म्हणजे दहा हजार मैलांमागे फरक साडेआठ गॅलनांचाही नाही! त्यासाठी मी चार महिने दात-ओठ खाल्ले होते. बऱ्याच गाड्यांत शेवटचा गिअर ओव्हरड्राइव्ह असतो, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरतो. इथे सहावा गिअर थेट १:१ आहे, म्हणजे दोघांचे फेरे सारखेच, आणि इंजिनाचे फेरे कमी ठेवण्याचे काम मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे २.८६६ हे लहान गुणोत्तर करते. थेट गिअरमध्ये शक्ती गिअरबॉक्समधल्या दात्यांच्या जोडीतून न जाता सरळ दांड्यातून पुढे जाते, त्यामुळे घर्षणात कमी वाया जाते. सहावा गिअर आखूड आहे, म्हणजे इंजिनाला उगाच जास्त फिरवतो, ही माझी तक्रार त्यामुळे अर्धवट माहितीवर उभी होती.

अँजेलिस क्रेस्ट या लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरी रस्त्याच्या वळणांवर तर ती पुरतीच विसरलो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना गिअरचा दांडा मनगटाच्या एका हालचालीत बसतो आणि पुढे ७५०० फेऱ्यांपर्यंत इंजिन मोकळे सोडता येते. क्लब प्रकारात लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल केवळ मॅन्युअलबरोबर मिळते, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना लवकर पेट्रोल दिले तरी आतले चाक उगाच फिरत नाही. स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलण्याची सोय ऑटोमॅटिकमध्येही आहे, पण मला त्यात टीव्हीच्या रिमोटची आठवण झाली.

संध्याकाळी साडेपाचच्या कोंडीत मात्र डावा पाय तासभर क्लचवर नाचवण्यात कसलाही पुरुषार्थ नाही, आणि तिथे ऑटोमॅटिक निर्विवाद श्रेष्ठ आहे. डिसेंबरपासून मी कामावर जाताना पत्नीची हायब्रिड नेतो, आणि रविवारी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.