नक्षीदार साच्यातून केक अखंड काढणे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मधोमध नळी आणि भोवती पिळदार खोबणी असलेला, ओतीव ॲल्युमिनियमचा नॉनस्टिक साचा मी गेले नऊ महिने वापरत आहे. पहिल्या तीन केकपैकी दोघांचा माथा साच्यातच राहिला आणि मी दोष मुलाम्याला देऊन मोकळी झाले. तो दोष बहुतांशी माझ्या हाताचा होता, हे कळायला दोन महिने गेले.

मी साच्याला वितळलेले लोणी लावत असे. लोण्यात साधारण 16 ते 18 टक्के पाणी आणि थोडा दुधाचा घनांश असतो. हा घनांश भट्टीच्या उष्णतेत करपून खोबणीला धरून बसतो, शिवाय पातळ लोणी आत आलेल्या कंगोऱ्यांवरून ओघळून तळाशी साचते आणि नेमके कंगोरे कोरडे पडतात. त्यानंतर वापरलेल्या तेलाच्या फवाऱ्याने केक सुटले खरे, पण त्यातील लेसिथिनमुळे (केक चिकटू नये म्हणून फवाऱ्यात घातलेला स्निग्ध घटक) नळीच्या बुंध्याशी पिवळसर, चिकट थर चढला आणि तो खायच्या सोड्याच्या लेपाने, मऊ ब्रशने, दोन बैठकांत काढावा लागला.

आता मी तेल, वनस्पती तूप आणि मैदा समप्रमाणात फेटून केलेला लेप बरणीत ठेवते, आणि मिश्रण ओतण्याच्या अगदी आधी ब्रशने प्रत्येक खोबणीत, तसेच नळीच्या टोकापर्यंत लावते (नळी विसरणे ही सर्वांची आवडती चूक). चॉकलेट केकसाठी मैद्याऐवजी कोको घेतल्यास पांढरे डाग राहत नाहीत.

लेपाइतकेच महत्त्व वेळेला आहे. भट्टीतून काढताक्षणी उलटलेला केक स्वतःच्या वजनाने फाटतो, आणि तासभर विसरलेल्या केकची साखर घट्ट होऊन तो साच्याला धरून बसतो. दहा मिनिटांनी केक आकसून कडा सोडतो; साचा आडवा हलवल्यावर आत मऊसा धपका जाणवला की जाळी वर ठेवून तो उलटावा. एकदा उशीर झाला तेव्हा साचा तीन मिनिटे पुन्हा गरम भट्टीत ठेवल्याने केक सुटला.

गडद रंगामुळे कंगोरे लवकर करपतात, म्हणून तापमान मी 10 ते 15 अंश सेल्सिअस कमी ठेवते. फळांचे तुकडे असलेला केक मात्र अजूनही नळीजवळच्या एका खोबणीत आपले टोक ठेवून येतो. तिथे मी पिठीसाखर जरा सढळ हाताने भुरभुरते.