आठ महिने, तीन विमानं आणि एका अनोळखी अंगठ्याचा ठसा

आधीच सांगून टाकते, हा काही तटस्थ अनुभव नाही. जी गोष्ट चाळीस वर्षं नुसती लांबून बघितली, ती हातात आल्यावर तटस्थ कोण राहतं? लहानपणी विमानांचे किट, म्हणजे सुटे भाग चिकटवून बनवायच्या प्लास्टिकच्या छोट्या विमानांचे खोके, दादाचे असायचे. कापणार तो, चिकटवणार तो. माझ्या वाट्याला बशीतल्या पाण्यात डिकल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चिन्हं, भिजवायचं आणि कागदावरून हललं की "सुटलं!" म्हणून ओरडायचं, एवढंच काम. विमान पूर्ण होईपर्यंत मला हात लावायची बंदी, आणि पूर्ण झालं की दोन दिवसांत दादा ते वरच्या खिडकीतून उडवून त्याची वाट लावायचा.

आठ महिन्यांपूर्वी एका संग्राहकाने पसारा कमी करायला काढलेले चार जुने किट मी एकगठ्ठा घेतले. सगळे १/७२ चे, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. एअरफिक्स या कंपनीचं स्पिटफायर मार्क ९ आणि बेल एअराकोब्रा, मॅचबॉक्स कंपनीचं हॉकर फ्युरी आणि नोव्होचं व्हल्टी व्हेंजन्स, सगळी जुनी लढाऊ विमानं. तीन झाली, चौथं आत्ता टेबलावर आहे. मध्येच उत्सुकतेपोटी हल्लीच्या साच्यातला एक नवा किटही करून बघितला, त्याबद्दल पुढे.

जुना किट घरी आला की चिकटवायची घाई करू नका. सगळे भाग पांढऱ्या चादरीवर ओता आणि यादीशी ताडून बघा. इतक्या वर्षांत निम्मे भाग, ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्यावरून सुटून खोक्यात गडगडत असतात. काचेचा भाग, म्हणजे कॅनॉपी, सगळ्यात आधी शोधा, कारण बाकी काहीही घरी घडवता येतं, ती येत नाही. माझ्या एका किटात शेपटीचं चाक नव्हतं. फ्रेमच्या गोल दांडीची चकती कापून घासली, झालं चाक. टाचणीच्या डोक्याहून जरासं मोठं, कुणी भिंग घेऊन बघायला येत नाही. मग सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवायचे. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर कधीकधी तसाच राहिलेला असतो आणि त्यावर रंग बसत नाही.

सूचनांचा कागद हे जुन्या एअरफिक्सचं खरं वैभव. नव्या किटात नुसती चित्रं आणि बाण. जुन्यात प्रत्येक पायरी वाक्यात लिहिलेली आणि प्रत्येक भागाला नाव. एलेरॉन, टेलप्लेन, पिटो ट्यूब, ओलिओ लेग हे शब्द मला शाळेत कुणी शिकवले नाहीत, ते दादा मोठ्याने वाचायचा त्यातून आले. त्याला तरी अर्थ कुठे कळायचा, पण ठसक्यात म्हणायचा. आणि खोक्यावरची चित्रं! रॉय क्रॉस १९६४ पासून एअरफिक्ससाठी चित्रं काढू लागले. धूर, आग, अंगावर येणारं विमान, सगळं एका चौकटीत. आतला करडा प्लास्टिकचा ढीग आणि वरचं चित्र यांच्यातलं अंतर तुम्हाला भरून काढायचंय, हाच करार.

आता चिकटवणं. प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं असतं आणि ते चिकटवायच्या द्रवाला "सिमेंट" म्हणतात, पण तो खरं तर गोंद नसतोच. ते प्लास्टिक विरघळवतं, दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की सांधा एकजीव होतो. दादाकडे नळीतलं घट्ट सिमेंट असायचं. त्याच्या तारा कोळिष्टकासारख्या सगळीकडे लागायच्या आणि प्रत्येक विमानाच्या काचेवर त्याचं बोट उमटलेलं असायचं. मी पातळ सिमेंट वापरते. दोन भाग कोरडेच जुळवायचे, ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, की द्रव आपोआप फटीतून धावत जातो. पहिल्यांदा तो असा पळताना बघितला तेव्हा मी एकटीच हसले. मग हलकेच दाबायचं. सांध्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी वर येतो. तो पुसायचा नाही, अजिबात नाही! चोवीस तास तसाच ठेवायचा आणि मग ब्लेडने खरवडायचा. फट त्यानेच भरलेली असते. काच मात्र साध्या पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाने लावा. सिमेंटने ती विरघळते आणि सुपरग्लूच्या वाफेने धुरकट होते.

स्पिटफायर माझं पहिलं विमान आणि सगळ्यात मोठी चूकही त्याच्यावरच केली. हा साचा १९६० चा. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पत्र्यांचे सांधे उठावदार रेघांचे आणि अंगभर रिवेटचे ठिपके. मी हिशोब मांडला, एक ठिपका ०.२ मिलिमीटर उंच धरला तरी खऱ्या विमानावर तो १४ मिलिमीटरहून उंच होणार. असं विमान उडेल कसं? झालं, डोक्यात शहाणपण शिरलं. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने सगळे ठिपके घासून काढले आणि सुई घेऊन नव्या, खोल रेघा ओढायला बसले. तीन आठवडे गेले. सरळ रेघेत सुई दोनदा घसरली, पुट्टी भरली, परत ओढली, परत घसरली. शेवटी जे हाती आलं ते ना जुनं होतं ना नवं, नुसतं खरडलेलं.

दादाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन.

"रिवेट कुठे गेले?"

"घासले. खऱ्या विमानाला एवढे मोठे नसतात."

"अगं वेडी का तू? पंखावरून नख फिरवलं की करकर वाजायचं ते. मग त्यात राहिलं काय?"

राग आला, पण त्याचं बरोबर होतं. मला अचूक स्पिटफायर हवं असतं तर बाजारात आज कितीतरी चांगले किट आहेत. हा मी घेतला होता तो या ठिपक्यांसाठीच, आणि घेतल्यावर पहिलं काम काय केलं तर तेच पुसून टाकले. त्यानंतर स्वतःला नियम घातला. सांधा नीट करायचा, फट भरायची, पण साचा बनवणाऱ्याचं काम सुधारायला जायचं नाही.

नव्या किटाबद्दल एवढंच, की तो अप्रतिम होता. कॉकपिटमध्ये डायल, सीटबेल्ट, सगळं. भाग असे बसत होते की सिमेंट लावायच्या आधीच धरून राहात. दोन संध्याकाळी पूर्ण झाला, कपाटात ठेवला आणि मी तो विसरले. त्यात माझ्यासाठी काही कामच नव्हतं. जुन्या चारांपैकी एकाच्या पंख आणि धडामध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. तिथे पातळ प्लास्टिकची पट्टी कापून बसवली, वाळल्यावर घासली, आणि बोट फिरवलं तेव्हा काही लागलं नाही. तो सांधा आजही मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, आणि दाखवण्यासारखं तिथे काही दिसत नाही ही खरी मजा.

एअराकोब्राने दुसरा धडा दिला. या विमानाचं इंजिन पायलटच्या पाठीमागे होतं, पुढे नाकात ३७ मिलिमीटरची तोफ, आणि चाकं तीन, पैकी एक नाकाखाली. अशा मॉडेलच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. सूचनेत लिहिलेलं असतं. मी वाचलंही होतं. धड चिकटवून, रंगवून, चाकांवर ठेवलं, आणि बाईसाहेब मागे टेकून आभाळाकडे बघत बसल्या. मग पुढच्या चाकाच्या खळग्यातून बारीक भोक पाडून शिशाचे छर्रे एकेक करून आत सोडले आणि वर पांढरा गोंद ओतून रात्रभर नाकावर उभं ठेवलं. नाक निमुळतं, त्यात मावतात किती! अठरा छर्रे गेले. आता उभं राहतं, पण टेबलाला धक्का लागला की विचार करतं.

फ्युरी हे दोन पंखी, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेलं, १९३१ मध्ये ब्रिटिश हवाई दलात आलेलं, सरळ उड्डाणात ताशी २०० मैलांच्या वर गेलेलं त्यांचं पहिलं लढाऊ विमान. मॅचबॉक्स आपले किट दोन-तीन रंगांच्या प्लास्टिकमध्ये काढायचं, म्हणजे पोरांनी रंगवलं नाही तरी विमान रंगीत. त्यांच्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा, नांगरटीसारख्या खोल असतात अशी थट्टा सगळे करतात. करोत. चंदेरी रंगाचा हात दिल्यावर त्याच रेघांत सावली बसते आणि विमान जिवंत दिसतं. दोन पंखी विमानात एकच पथ्य पाळा, वरचा पंख रंगवून मगच चढवा. नंतर मध्ये ब्रश शिरत नाही.

अवजारांवर फार खर्च करू नका. धारदार कटर, बारीक कानस, चिमटा, ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर, कपड्यांचे चिमटे, रबरबँड, दोन बरे ब्रश. मी इनॅमल रंग वापरते, हम्ब्रॉलच्या त्याच १४ मिलिलिटरच्या डब्या. तळाशी बसलेला रंग पाच मिनिटं तरी ढवळा, घड्याळ लावून. "ढवळला की" असं आपल्याला एका मिनिटातच वाटायला लागतं. खिडकी उघडी ठेवा, थिनरने डोकं दुखतं.

आणि आता माझं खातं, डिकल. चाळीस-पन्नास वर्षांची डिकल पिवळी पडलेली असतात आणि पाण्यात टाकली की चुरा होतात. पिवळेपणावर उपाय ऊन. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. पांढरं खरंच पांढरं होतं. चुरा होऊ नये म्हणून ग्लॉस व्हार्निशचे दोन पातळ हात पूर्ण कागदावर द्यायचे. मग प्रत्येक चिन्ह कडेला लागून कापून घ्यायचं, कारण आता व्हार्निशची सलग फिल्म झालेली असते. जे लावायचं नाही असं एखादं आधी भिजवून बघा. मी बघितलं नाही. स्पिटफायरवर जेई-जे ही अक्षरं लागतात, ब्रिटिश हवाई दलाचा वैमानिक जॉनी जॉन्सन याची. विंग कमांडरला स्वतःची आद्याक्षरं विमानावर रंगवायची मुभा असे. त्यातल्या शेवटच्या जे-चे पाण्यात तीन तुकडे झाले. ओल्या ब्रशने एकेक तुकडा ढकलत, श्वास धरून, पाऊण तासात जे परत जे झाला. एवढा आनंद पूर्ण विमान संपवल्यावरही झाला नव्हता. चाळीस वर्षांचा भिजवण्याचा अनुभव, कुठेतरी कामी यायचाच.

तक्रारी आहेत. वेळ किती जातो याचा अंदाज कायम चुकतो. काचा जाड, त्यातून पायलट पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. रबरासारखी मऊ चाकं असतील तर ती वर्षानुवर्षं टेकलेलं प्लास्टिक अक्षरशः खातात, खोका उघडल्यावर चाकांच्या आकाराचे खड्डे मिळू शकतात. आणि जुना, सीलबंद, कधीही न उघडलेला खोका हातात आला तर तो उघडावा की नाही यावर रात्रीची झोप जाते. मी उघडते.

चौथा किट, व्हेंजन्स. त्याची कुळकथा मजेदार आहे. साचा मूळ फ्रॉगचा. फ्रॉग ही इंग्लंडमधली जुनी मंडळी, १९३६ मध्ये पेंग्विन नावाने १/७२ ची प्लास्टिकची विमानं काढणारी. त्यांची आधीची खेळणी उडायची, ही उडत नव्हती, म्हणून पेंग्विन. सत्तरच्या दशकात फ्रॉग बंद पडलं तेव्हा बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तिथून नोव्हो नावाने किट येऊ लागले. जर्मन-जपानी विमानांचे साचे त्यांनी घेतलेच नाहीत. व्हेंजन्स हे विमानही तसंच तऱ्हेवाईक. उभं सूर मारून बॉम्ब टाकता यावा म्हणून पंख अशा कोनात बसवलेले, की सरळ उडतानाही नाक वर केलेलं.

हा किट माझ्या आधी कुणीतरी सुरू केलेला होता. डाव्या अर्ध्या धडात सीट चिकटवलेली, जराशी तिरकी. आणि बाहेरून, कॉकपिटच्या बरोबर खाली, वितळलेल्या प्लास्टिकमध्ये अंगठ्याचा ठसा, रेषा न् रेषा स्पष्ट. पॉलिश पेपर हातात घेतला होता. दादाला फोन लावला.

"मोठा आहे का ठसा?" त्याने विचारलं.

मी बोट लावून बघितलं. माझ्या करंगळीएवढा होता.

"मग राहू दे," तो म्हणाला.

सीटही तिरकीच ठेवली आणि परवा दोन्ही अर्धी मिटवून रबरबँड लावले. आज त्या जागेवर रंगाचा एक पातळ हात देऊन बघितला. रेषा अजून दिसतायत. दुसरा हातही पातळच देईन.