देवपुरातली गिरणी: पीठ चांगलं, व्यवस्था त्याहून चांगली

धुळ्यात देवपूर भागात राहणाऱ्यांनी दळण कुठे टाकावं, हे मला कोणी विचारलं तर मी आमच्या गल्लीतल्या जुन्या गिरणीचं नाव घेतो. पीठ हाताला कोमट लागतं, करपल्याचा वास येत नाही, कारण दगडांना टाकी वेळेवर लावली जाते. सकाळी गहू, दुपारनंतर ज्वारी-बाजरी आणि कळणा (ज्वारी-उडदाचं मिश्रण), हा क्रम मालक मोडत नाही. त्यामुळे गव्हाच्या पिठात उडदाचा अंश येत नाही आणि पोळ्या पांढऱ्याशुभ्र होतात. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारीही सांगाल तशी भरडून मिळते. दर किलोला सहा रुपये. पिठाबद्दल एवढं पुरे.

मला खरं लिहायचं आहे ते तिथल्या कारभाराबद्दल. मी प्राणिशास्त्र शिकवलं आणि उमेदीची वर्षं गांधीलमाश्यांच्या पोळ्यांसमोर बसून काढली. पोळ्यात एक माशी दुसरीच्या पिल्लांसाठी राबते, ते का, याचं मोठं उत्तर जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1964 मध्ये दिलं: नात्यातल्यांची पिल्लं जगली की आपलेही जनुक पुढे जातात. गिरणीत मात्र रांगेतल्या डब्यांचे मालक एकमेकांचे कोणी लागत नाहीत. कोणी पिंपळनेरहून बदलून आलेला, कोणी भाडेकरू, कोणी शिकायला आलेली मुलं. तरी एकमेकांच्या भरवशावर धान्य ठेवून सगळे निर्धास्त घरी जातात. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये दाखवलं की पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल, तर परक्यांमध्येही देवाणघेवाणीचा चांगुलपणा टिकू शकतो. टिकू शकतो, आपोआप टिकतोच असं नाही. त्याला बांधणी लागते, आणि ती बांधणी या गिरणीत आहे.

इथे काटा रस्त्याच्या बाजूला तोंड करून ठेवलेला आहे. डबा गिऱ्हाईकाने स्वतः काट्यावर ठेवायचा, आकडा वाचायचा, खडूने झाकणावर लिहायचा. दळायचं काम मालकाचं, त्या वेळी गिऱ्हाईकाने हात घालायचा नाही. पीठ परत घेताना पुन्हा काटा. पैसे ड्रॉवरमध्ये गिऱ्हाईकानेच टाकायचे आणि सुट्टे आपले आपण घ्यायचे. ज्याला चोरी करायला सोय आहे, त्याच्या हातात माप नाही.

खान्देशातल्या माणसाला हे नवीन वाटू नये. पांझरा नदीवरच्या फड या सिंचन पद्धतीत कित्येक पिढ्या हेच चाललं. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायचं ते पाटकऱ्याने. शेतकऱ्याने स्वतःच्या वाफ्याचं तोंड स्वतः फोडायचं नाही. राखणीला जागल्या. सरकारी खातं जन्माला येण्याच्या आधीपासून गावांनी हे नियम आपसांत ठरवले आणि पाळले. सामाईक मालमत्ता लोक हमखास ओरबाडून संपवतात, हा समज एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या अशा उदाहरणांनी खोडून काढला आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र अजूनही माणूस मुळात लबाड, असं धरूनच नियम केले जातात, याचं मला वाईट वाटतं.

मागच्या दिवाळीआधी गर्दीत एका तरुणाने आपला डबा चार डब्यांच्या पुढे सरकवला. मालकाने पाहिलं, बोलला नाही. रांगेतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी उठून तो डबा उचलला आणि जागेवर नेऊन ठेवला. स्वतःचं दळण झालेलं असताना! अर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थतज्ज्ञांच्या 2002 च्या प्रयोगात प्रत्येकाने सामाईक गल्ल्यात वर्गणी टाकायची होती, तिथे हेच दिसलं: ऐतखाऊ माणसाला शिक्षा व्हावी म्हणून लोक पदरचे पैसे घालतात, पुढे काही मिळणार नसलं तरी. अशी सोय असली की सामाईक वर्गणी वाढते, ती काढली की उतरते. आणि ज्याला खरीच घाई आहे त्याचं काय? त्याच आठवड्यात एका घरी दहाव्याचा स्वयंपाक होता. मालकाने स्वतः ठरवलं नाही, रांगेला विचारलं. मावशीच म्हणाल्या, "त्यासना डबा मव्हरे लेवा, आम्हले घाई नही." (त्यांचा डबा पुढे घ्या, आम्हाला घाई नाही.)

पुष्कळजण दळणाचे पैसे झाकणात ठेवून जातात. ते चोरीला गेल्याचं मी ऐकलेलं नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 40 देशांतल्या 355 शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं 'सापडली' म्हणून काउंटरवर देऊन पाहिली, त्यांत भारतही होता. पैसे असलेली पाकिटं रिकाम्यांपेक्षा जास्त परत आली. सामान्य लोकांचा अंदाज उलटा होता, आणि अर्थतज्ज्ञांनाही हे ओळखता आलं नव्हतं. आपण एकमेकांना आहोत त्यापेक्षा वाईट समजतो, आणि तसं समजून वागवतो.

आता तक्रारी. दळणारा मुलगा दिवसभर पिठाच्या धुरळ्यात उभा असतो आणि तोंडाला साधा रुमालही नसतो. पिठाच्या धुळीने दमा जडतो, बेकरीतल्या कामगारांमध्ये हे जुनंच माहीत असलेलं दुखणं आहे. मालकाला मी सांगितलंय, पुन्हा सांगणार आहे. चांगला मास्क आणि धूळ ओढणारा पंखा बसलाच पाहिजे. म्हाताऱ्यांना बसायला बाकडं नाही. आणि मालकाच्या मुलाने फोनवर दळण नेण्या-आणण्याची सोय सुरू केली आहे. एकट्या राहणाऱ्यांना ती फार उपयोगी आहे, पण त्यात काटा गिऱ्हाईकाच्या डोळ्यांआड जातो. नेताना आणि आणताना काट्याचा फोटो पाठवावा, एवढी माझी मागणी आहे. मुलगा हो म्हणालाय.

दुपारी एक ते तीन बंद. कळणा दळायचा असेल तर चारनंतर जा, आणि डब्यावर नाव घालून न्या.