टायरवर नाव कंपनीचं, आतल्या बाजूला तारीख २०१६ची

पांढरकवडा, वडनेर, हिंगणघाट या पट्ट्यात कापूस वाहणाऱ्या पिकअपवाल्यांनी हे वाचाच. नव्याच्या नावाखाली मला कोरलेले, म्हणजे झिजल्यावर खाचा पुन्हा कापलेले, दोन जुने टायर विकले गेले, आणि तसला माल अजूनही खपतोय.

कोणती कंपनी चांगली, यावर आपल्याकडे कधी एकमत होत नाही. कोणाच्या मते एमआरएफ जास्त चालतो, कोणाला अपोलोशिवाय दुसरं नको, कारवाले सिएट की ब्रिजस्टोन यावर भांडतात. मीही ड्रायव्हर लोकांना विचारूनच कंपनी पक्की केली होती. ठगाला हेच सोयीचं पडतं. गिऱ्हाईक नाव ठरवून आलं की त्या नावाचा कसलाही टायर गळ्यात मारता येतो.

दुकानात तेच नाव, तोच साइज, वरून काळं चकचकीत पॉलिश, आणि भाव बाजारापेक्षा बराच कमी. "कंपनीचा जुना स्टॉक हाय भाऊ, डोये मिटून घ्या." पक्कं बिल मागितलं तर म्हणे २८ टक्के जीएसटी लागंल. ही थाप होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवर जीएसटी १८ टक्के आहे. हातात पडली ती नाव-शिक्का नसलेली चिठ्ठी.

मार्चच्या उन्हात, भरल्या गाडीचा मागचा डावा टायर वडनेरच्या अलीकडे फुटला. गाडी कडेला ओढली गेली. ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला नाही, स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं, म्हणून आम्ही दोघं वाचलो. मागून ट्रेलर येत होता, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

टायर उतरवल्यावर पंक्चरवाल्यानं आतली बाजू दाखवली. चार आकडे होते, १४१६. म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, आणि दोन्ही टायरची ती बाजू आत करून बसवली होती. मग त्यानं नक्षीच्या खाचेत बोट फिरवलं. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आमच्या टायरवर ते उंचवटेच कापले गेले होते. झिजलेल्या टायरवर गरम पात्यानं खाचा खोल केल्या की असं होतं. एका खाचेत तर आतली दोरी दिसत होती.

ट्रकचे काही टायर कोरता येतील असेच बनवतात आणि त्यावर तसं छापलेलं असतं. नवं रबर चढवलेले जुने टायरही ट्रकवाले उघडपणे, कमी भावात घेतात. त्यात खोटं काही नाही. पण माणसाच्या जिवाशी खेळून जुनं ते नवं म्हणून विकणं याला माफी नाही.

दुकानदार म्हणाला, "हा आमचा मालच नोहे." ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, तर त्यांनी बिल मागितलं. तिथं गाडी अडली.

म्हणून टायर रिमवर चढण्याआधी दोन्ही बाजू फिरवून बघा. चार आकडे घासलेले दिसले तर तो टायर तिथंच सोडा. आयएसआयचा शिक्का बघा. पिकअपला कारचा टायर लावून देणारेही आहेत, तेव्हा साइजजवळचा भाराचा आकडा वाचा: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो. बिलावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीसाठीही तो लागतो आणि जिल्हा ग्राहक आयोगातही कामी येतो. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही.

या हंगामात कोणी स्वस्तातला "जुना स्टॉक" घेतला असेल, तर पुढची खेप भरण्याआधी चाक खोलून आतली तारीख बघून घ्या.