रिंग ३.०५ मीटरवर नाही रे बाबा! रोबोकॉनच्या सीझनभर एआय चॅटबॉट वापरल्यानंतर

आमची कॉलेजची टीम रोबोकॉन या स्पर्धेत उतरते: दरवर्षी नवी थीम, आणि तो खेळ खेळणारे रोबो विद्यार्थ्यांनीच बनवायचे. त्या कामात चॅटबॉटची मदत घेतली, त्याचा हा अनुभव. आधी पैशाचं, कारण टीमचा हिशेब माझ्याकडं असतो. विकतच्या चॅटबॉटला महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात. त्यात थोडी भर घातली की एक बरी प्लॅनेटरी गिअरवाली मोटर येते, आणि मोटर पुढच्या वर्षी ज्युनियरांच्या कामाला येते. सबस्क्रिप्शन येत नाही. माझं मत याच तराजूतलं आहे, हे धरूनच पुढचं वाचा. आम्ही दोन वापरले: एक विकतचा, एक सिमकार्डाबरोबर फुकट आलेला. नावं मुद्दाम देत नाही. दर थोड्या दिवसांनी ते आतून बदलतात, आजचं वर्णन उद्या लागू पडेलच असं नाही.

२०२५ चं एबीयू रोबोकॉन (आशिया-पॅसिफिकमधल्या देशांची फेरी) मंगोलियात, उलानबाटरला होतं आणि थीम बास्केटबॉल. दोन रोबो, ड्रिबल, पास, वीस सेकंदांत शॉट मारायचं बंधन (शॉट क्लॉक), डंकला, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबला तर, सात गुण. थीम आली तेव्हा सगळे खूश. बास्केटबॉल कोणाला माहीत नाही? चॅटबॉटलाही माहीत होता, आणि घोळ तिथंच झाला.

माणसांच्या बास्केटबॉलमध्ये रिंग ३.०५ मीटरवर असते. रोबोकॉनच्या नियमपुस्तिकेत ती बरीच खाली होती. पुस्तिकेची पीडीएफ चढवली, उंची स्वतंत्रपणे टाइप करून दिली, वर "हीच धर" असंही बजावलं. पहिलं उत्तर बरोबर. मग बोलणं फ्लायव्हीलवर (चेंडू फेकणाऱ्या फिरत्या चाकावर) गेलं, बेअरिंगवर गेलं, आणि परत वेगाच्या गणिताला आलो की खाली बारीक अक्षरात ३.०५. दाखवलं की लगेच माफी, "तुमचं अगदी बरोबर आहे", नवं कोष्टक. दुसऱ्या दिवशी नवी चॅट उघडली की रिंग पुन्हा वर.

एवढ्याशा आकड्यासाठी इतकी चिडचिड कशाला, असं आमचे सरही म्हणाले. तर हिशेब असा. चेंडू १.२ मीटर उंचीवरून, चार मीटर लांबून, साठ अंशांनी मारायचा आहे. रिंग साठ सेंटिमीटर जास्त उंच धरली तर लागणारा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर वाढतो. कागदावर काहीच नाही. पण त्या वेगानं सुटलेला चेंडू खऱ्या, खालच्या रिंगच्या अर्धा मीटरहून जास्त पुढं जातो. सात नंबरचा चेंडू चोवीस सेंटिमीटरचा, रिंग पंचेचाळीसची. म्हणजे कडेला लागून आत पडायचीही आशा नाही. आमचा चेंडू सरळ फळीवर आदळून टूलबॉक्सवर यायचा आणि शूटरवाला पोरगा माझ्याकडं बघायचा, जणू ३.०५ मीच ठरवलेत.

दुसरी कटकट इंचांची. अमेरिकेतल्या विद्यार्थी स्पर्धांबद्दल नेटवर ढिगानं लिहिलेलं आहे आणि तिथं पाव इंची (६.३५ मिलिमीटरचे) बोल्ट, अर्धा इंची षट्कोनी शाफ्ट हेच चालतं. चॅटबॉट तेच उचलतो आणि वर मिलिमीटरचं लेबल डकवतो. ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, गेलो तर लेथवाले मामा चष्मा वर करून म्हणाले, "सहा पॉइंट पस्तीस? बोल्ट कंचा घालणार हाईस?" म्हटलं, एम-सिक्स, म्हणजे सहा मिलिमीटरचा. "मग साडेसहाचं भोक पाडतो की. हे पस्तीस कशाला लिवलंयस?" षट्कोनी शाफ्टचं मिलिंग किती पडेल तेही त्यांनी सांगितलं. मी ते ड्रॉइंग घडी घालून खिशात टाकलं. गोल शाफ्ट आणि त्यातल्या खाचेवर (की-वे) भागलं.

टॉर्कचंही (मोटरच्या पिळाच्या जोराचंही) तसंच. आपल्याकडं मोटरच्या पानावर किलो-सेंटिमीटर असतं, हा न्यूटन-मीटर समजून बसतो, फरक दहापट. पण इथं एकदा सांगितलं की ऐकतो, रिंगसारखा हट्ट नाही.

आता चांगलं. फ्लायव्हीलचा एक मुद्दा आमच्यातल्या कोणालाच नीट सुटत नव्हता आणि फुकटवाल्यानं तो फार सुंदर समजावला. एकच चाक आणि समोर न फिरणारं हूड (वाकवलेली पट्टी) असेल तर चेंडू हुडावरून लोळत जातो, म्हणून चेंडूचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या फार तर निम्मा. दोन चाकं उलटसुलट फिरवली तर जवळपास पूर्ण. साडेसात मीटर प्रति सेकंद हवेत आणि चाक दीडशे मिलिमीटर व्यासाचं असेल तर एका चाकाला १,९०० च्या वर आरपीएम, दोन चाकांना साडेनऊशेच्या आसपास. वर चेंडू घसरतो त्याचा थोडा वाढावा. दोन चाकं म्हणजे दोन मोटरी, म्हणून माझं मत एका चाकाला. तेच ठेवलं, गिअर बदलला.

आणि ईएसपी३२ चा, म्हणजे रोबोवरच्या वाय-फायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा, किस्सा तर भारीच. हुडाचा कोन मोजणारं पोटेन्शिओमीटर टेबलावर झकास चालायचं, रोबोवर चढवून वाय-फाय सुरू केलं की रीडिंग गायब. पोरांनी सोल्डर परत मारलं, सेन्सर बदलला, वायर बदलली. फुकटवाल्याला नुसता कोड चिकटवला. पहिल्याच ओळीत उत्तर: तुमची पिन २५ ही एडीसी-२ वर (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या भागावर) आहे, वाय-फाय चालू असताना ती वाचता येत नाही, ३२ ते ३९ मधली घ्या. ३४ वर हलवली आणि काम झालं. विकतच्यानं त्याच प्रश्नावर आधी फिल्टरचा कपॅसिटर विकत घ्यायला लावला होता. दोन रुपयांचा, पण मुद्दा तो नाही.

विकतच्याचं आणखी एक. सीझन संपल्यावर सबस्क्रिप्शन रद्द केलं तरी ऑटोपेनं पुढचा महिना कापला. मदतकेंद्रात गेलो तर तिथंही बॉटच. "तुमची निराशा मी समजू शकतो" हे वाक्य त्यानं इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मीच त्याला माफ केलं. पैसे आले नाहीत. बँकेच्या अॅपमधून मॅन्डेट (ऑटोपेला दिलेली परवानगी) काढून टाकला तेव्हा थांबलं.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि "विकतचा घेऊ नका" एवढं म्हणून संपवणार होतो. मध्ये ज्युनियरांनी २०२६ चं काम सुरू केलं. हाँगकाँगची थीम, कुंग फू: काठीला भाल्याचं टोक जोडायचं, वेगवेगळ्या उंचीच्या ठोकळ्यांचं मेइहुआ वन चढून जायचं. त्यांनी तीच पद्धत वापरली, नियमपुस्तिका चढवून प्रश्न. आणि या वेळी दोन्ही चॅटबॉट मापं जवळजवळ चुकत नाहीत! मला आधी वाटलं सुधारले. थोडेफार सुधारले असतीलही. पण मेइहुआ वनाचा असा खेळ जगात आधी कुठं खेळलाच जात नव्हता, त्यामुळं याच्याकडं पुस्तिकेतल्या आकड्याशिवाय दुसरा आकडाच नाही. बास्केटबॉलचं त्याला आधीपासून भरपूर माहीत होतं, म्हणून पुस्तिका मागं पडत होती. तेव्हा थीम ओळखीची वाटली की प्रत्येक गणिताच्या आधी त्याच्याकडून गृहीत धरलेली मापं लिहून घ्या आणि ती पुस्तिकेशी ताडा. नवखी थीम असेल तर एवढा पहारा लागत नाही.

एका बाबतीत मात्र लागतोच. इमर्जन्सी स्टॉपसाठी विकतच्यानं ज्युनियरांना लाल बटण कंट्रोलरच्या पिनला जोडून कोडमध्ये मोटरी थांबवायला सांगितलं. कोडच अडकला तर बटण वाचणार कोण? ते बटण मोटरचा पुरवठाच तोडणारं हवं, एनसी (दाबल्यावर तुटणारा) संपर्क, मध्ये रिले किंवा कॉन्टॅक्टर (विजेनं चालणारा स्विच). विचारल्यावर "अगदी बरोबर" म्हणाला, अर्थातच.

कोणता घ्यावा, असं विचाराल तर फुकटवाला. त्याच्या चुकाही तेवढ्याच आहेत, पण त्या पकडताना महिन्याचे पैसे आठवत नाहीत.