मातीचे परळ आणि परसदारची सकाळ

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी धारावीच्या कुंभारवाड्यातील एका दुकानातून पक्ष्यांना पाणी ठेवण्यासाठी मातीची दोन परळे विकत घेतली. प्रत्येकी 180 रुपये पडले. वर्षभर वापरल्यानंतर त्यांच्याविषयी लिहीत आहे, कारण असे भांडे घेताना काय पाहावे हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते, आणि या साध्या वस्तूने मला जे परत मिळवून दिले ते वगळून केवळ तिच्या घडणीबद्दल लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

परळ सुमारे 12 इंच रुंद असून मधोमध जेमतेम दोन इंच खोल आहे, आणि काठापासून तळापर्यंतचा उतार हलका आहे. ही घडण सर्वांत महत्त्वाची. चिमणी पाण्यात उतरली की तिचे पाय तळाला टेकले पाहिजेत; खोल आणि गुळगुळीत भांड्यांच्या काठावर बसून पक्षी पाणी पितील, पण त्यांत उतरून आंघोळ करायला धजणार नाहीत. या परळाचा काठ बोटाएवढा जाड आणि खरखरीत असल्यामुळे त्यांच्या नखांना पकड मिळते. मातीवर चकाकीचा थर दिलेला नाही, त्यामुळे थोडे पाणी झिरपून बाहेरून उडून जाते आणि उरलेले थंड राहते. मात्र मुंबईच्या दमट हवेत हा गारवा विदर्भातल्या माठाइतका जाणवत नाही. "मावशी, आधी एक दिवस पूर्ण बुडवून ठेवा," असे दुकानदाराने बजावले होते आणि मी तसे केलेही. तरी दोनांपैकी एक परळ महिन्याभरात तळाच्या बारीक तड्यातून गळू लागले आणि ते बदलून मिळाले नाही. म्हणून घेतानाच टिचकी मारून पाहावी. आवाज खणखणीत यावा. बद्द आला तर ते भांडे घेऊ नये.

आमचे घर मुलुंड पश्चिमेला, तळमजल्यावर आहे. मागे चार पावलांचे परसदार, त्यात एक पेरू, एक शेवगा आणि जास्वंदीची दोन झाडे आहेत. राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर जवळ असल्यामुळे येथे पक्ष्यांना तोटा नाही, पण पहिले चार दिवस परळाकडे कोणीही फिरकले नाही. पाचव्या दिवशी, उजाडता उजाडता, दयाळ आला. मानेपर्यंत भिजून तो शेवग्यावर बसला आणि पंख झटकून गाऊ लागला. त्यानंतर लालबुड्या बुलबुलांची जोडी, साळुंक्या आणि चिमण्या नियमाने येऊ लागल्या. तांबटाची टुकटुक दिवसभर ऐकू येते, पण तो फळांवर जगणारा असल्यामुळे पाण्याला क्वचितच उतरतो. शिंजीर परळात न उतरता मी पाणी शिंपडलेल्या जास्वंदीच्या ओल्या पानांवर अंग घासून न्हातो, हे मी येथेच पहिल्यांदा पाहिले.

मला खरे सांगायचे आहे ते कावळ्याबद्दल. माझे यजमान त्याआधीच्या डिसेंबरमध्ये गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला जवळजवळ दीड तास लागला, आणि त्या दीड तासात त्यांची कोणती इच्छा राहिली असेल या विचाराने माझ्या मनातून जे काही निसटले ते पुढे देवघरातही सापडेना. दिवा लावत होते, हात जोडत होते, पण आत काही नव्हते. मे महिन्यात एक कावळा रोज वाळलेल्या पोळीचा तुकडा आणून परळात टाकू लागला आणि पाणी गढूळ होते म्हणून मी त्याला हुसकावू लागले. एके दिवशी सहज बसून पाहिले. तो तुकडा मऊ होईपर्यंत थांबला, चोचीत धरून समोरच्या आंब्यावर गेला आणि घरट्यातल्या पिलांच्या उघड्या चोचींत त्याने तो भरवला. ज्याची मी तेव्हा डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली होती, तोच आता न बोलावता माझ्या दारी येऊन आपल्या लेकरांसाठी माझ्या हातचे पाणी वापरत होता. मी तिथेच पायरीवर बसून खूप रडले आणि कित्येक महिन्यांनी मनापासून देवाचे आभार मानले. त्या दिवसापासून माझे नामस्मरण परसदारच्या पायरीवर होते, पाणी बदलून झाल्यावर.

पाणी रोज बदलणे ही या वस्तूची अट आहे, आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांनी ती घेऊ नये. डेंग्यू पसरवणारा डास पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या ओलसर बाजूला अंडी घालतो. ती भांड्याला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, काथ्याने आतली बाजू घासावी लागते. साबण मात्र लावू नये, कारण माती तो शोषून घेते. पावसाळ्यात मी परळ पालथे घालून ठेवते.

त्याच दुकानात दाणे ठेवण्याचे मातीचे झुलतेही मिळते. ते मी घेतले नाही आणि मुंबईत कोणी घ्यावे असे मला वाटत नाही. दाण्यांमागे कबुतरांचे थवे येतात, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात, आणि चिमण्यांना तर जागाच उरत नाही. पाणी आणि दोन फुलझाडे एवढे पुरते.

गळणारे परळ मी जास्वंदीच्या कुंडीखाली ठेवले आहे. दुसरे आजही जसेच्या तसे आहे, फक्त काठावर पांढरट क्षार जमले आहेत. पाडव्याआधी तिसरे आणायला मी पुन्हा कुंभारवाड्यात जाणार आहे. ते वरच्या मजल्यावरच्या काकूंसाठी आहे, ज्या सकाळी सहाला गॅलरीत येऊन माझ्याबरोबर दयाळाची वाट पाहतात.