जागा ट्रस्टच्या नावावर घ्यावी की कलम ८ कंपनीच्या? विक्रीची वेळ येईल तेव्हाचा हिशेब

संस्था काढताना नोंदणीचा खर्च, ८०-जी (देणगीवरची करसवलत), देणगीदारांची सोय यांवर बैठका होतात. उद्या जागा विकावी लागली तर कोणाकडे जावं लागेल, हे मात्र बहुतेकांना साठेखत टाइप होताना आठवतं. महाराष्ट्रात दोन रचनांमधला सगळ्यात मोठा फरक नेमका तिथंच आहे.

ट्रस्टला १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम ३६ लागतं. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि बिनशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर देतानाही तेच. न्यासपत्रात (ट्रस्ट स्थापनेच्या दस्तात) विश्वस्तांना विक्रीचे पूर्ण अधिकार लिहिलेले असले तरी सुटका नाही. आणि ३० वर्षांपेक्षा लांब पट्टा आयुक्तांनाही मंजूर करता येत नाही. 'आमची सोसायटी आहे, ट्रस्ट नाही' असं सांगणाऱ्यांनी कायद्यातली व्याख्या वाचावी: १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली धर्मादाय सोसायटीही त्यात येते.

२०१३ च्या कंपनी कायद्यातली कलम ८ कंपनी, म्हणजे नफा न वाटणारी धर्मादाय कंपनी, आयुक्तांच्या या दारात जात नाही. जागा विकायला कंपनी निबंधकाची वेगळी पूर्वपरवानगीही लागत नाही. संचालक मंडळाचा ठराव लागतो. पब्लिक कंपनी असेल आणि अख्खा उपक्रम किंवा त्याचा मोठा भाग विकत असाल, तर कलम १८० खाली विशेष ठराव हवा. म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मतं बाजूने, आणि ३० दिवसांत निबंधकाकडे ठराव कळवणारा फॉर्म एमजीटी-१४. ज्यात निव्वळ मूल्याच्या २० टक्क्यांहून जास्त गुंतवणूक आहे किंवा जिथून २० टक्के उत्पन्न येतं तो 'उपक्रम', त्यामुळे एकाच इमारतीत चालणारी संस्था इथं सहज अडकते. प्रायव्हेट कंपनीला यातून सूट आहे, पण ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र वेळेवर भरलेलं असेल तरच. घेणारा संचालकाचा नातलग असेल तर संबंधितांशी होणाऱ्या व्यवहारांचं कलम १८८ आड येतं.

वेगात कंपनी पुढे, यात वाद नाही. पण ट्रस्टचे अर्ज रखडतात ते कायद्यापेक्षा स्वतःच्या दप्तरामुळे. नियम २४ खाली अर्जात सांगावं लागतं की न्यासपत्र विक्रीबद्दल काय म्हणतं, विक्रीची गरज काय, ती ट्रस्टच्या हिताची कशी. सोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. हे सगळं नीट असूनही अर्ज कुठे अडतो, ते पाहा. पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्ट नोंदवहीच्या) उताऱ्यावर जुना सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर एकत्रीकरणानंतरचा गट नंबर, आणि दोन्ही एकाच जमिनीचे असल्याचा कागदच जोडलेला नाही. किंवा सातबाऱ्यावर अजून दिवंगत विश्वस्ताचं वैयक्तिक नाव. किंवा पीटीआरवर फक्त मोकळी जमीन, प्रत्यक्षात तिच्यावर दोन मजली शाळा. ठरावात 'गावालगतची जागा विकावी' एवढंच. गट नंबर, क्षेत्र, किमान किंमत, पैशाचं पुढं काय करणार, काहीच नाही. त्यात विश्वस्त बदलाचा अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असला की विरोधी गट पहिला आक्षेप घेतो: अर्ज करणारे रेकॉर्डवरचे विश्वस्तच नाहीत. म्हणून ही दुरुस्ती आधी, गिऱ्हाईक नंतर.

किमतीबाबत एक गोष्ट पक्की धरा. ओळखीतल्या एकाच बिल्डरशी बोलून आणलेला भाव टिकत नाही. धर्मादाय संस्थेची जमीन जाहीर लिलावाऐवजी खासगी वाटाघाटीने विकली तर संशयाला जागा राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चेंचू रामी रेड्डी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सीलबंद निविदा मागवा. तरीही सुनावणीत तिसराच कोणी जास्त रकमेचा डिमांड ड्राफ्ट घेऊन उभा राहू शकतो, आणि मग बोली तिथंच वाढते. पहिल्या खरेदीदाराला हे आधी सांगा, आणि साठेखतात 'परवानगी मिळाली तरच' ही अट व इसारा (आगाऊ रक्कम) परत करण्याचं कलम घाला. ताबा तर मुळीच देऊ नका.

'आधी करू, मग परवानगी घेऊ' हा सल्ला २०१७ च्या दुरुस्तीनंतर जरा जास्तच ऐकू येतो. मागाहून मंजुरीची तरतूद आहे खरी, पण ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. निकड, बाजारभावापेक्षा कमी नसलेली किंमत, चांगला भाव मिळवण्याचा खरा प्रयत्न, विश्वस्तांना कसलाही लाभ नाही आणि नोंदणीकृत दस्त, हे सगळं एकत्र सिद्ध करावं लागतं. फसवणुकीने किंवा माहिती दडवून मिळवलेली मंजुरी तर रद्दही होते. ३५ महिन्यांचे भाडेपट्टे नूतनीकरणाच्या हमीसह लागोपाठ करण्याची युक्तीही तितकीच कच्ची. हमीसकट मोजलं की मुदत तीन वर्षं ओलांडते.

विक्रीनंतर ट्रस्टने ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज (नोंदवहीतला बदल कळवणारा) द्यायचा. कंपनीला हे नाही, पण पैसा सभासदांत वाटता येत नाही, आणि कंपनी गुंडाळली तर उरलेली मालमत्ता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या कलम ८ कंपनीकडे द्यावी लागते किंवा विकून रक्कम दिवाळखोरी निधीत जाते.

मग निवड? गावाने दिलेली, देणगीदाराच्या नावाने ओळखली जाणारी, पिढ्यान्पिढ्या राहावी अशी जागा असेल तर ट्रस्ट. आयुक्तांची मंजुरी हा खरेदीदारालाही मोठा आधार असतो. भाड्याची कार्यालयं, प्रशिक्षण केंद्रं बदलत राहणारी व्यावसायिक वळणाची संस्था असेल तर कंपनी सोयीची. मात्र बक्षीसपत्रात दात्याने 'शाळेसाठीच' अशी अट घातली असेल तर ती कंपनीवरही बसते. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी दोघांनाही.

ट्रस्टची जागा आधी स्वतःच्याच कलम ८ कंपनीला द्यायची आणि मग निवांत विकायची, असा बेत करणाऱ्यांनी कलम ३६ मधला 'बक्षीस' हा शब्द पुन्हा वाचावा. त्यालाही पूर्वपरवानगी लागतेच. आणि आयकराचं गणित १९६१ च्या कायद्यातल्या कलम ११(१अ) वर (ट्रस्टच्या भांडवली नफ्याच्या सवलतीवर) बेतलं असेल तर थांबा: १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू आहे, तेव्हा व्यवहाराची तारीख ठरवण्याआधी सीएकडून नव्या कलमांप्रमाणे आकडे काढून घ्या.